चंदनाचं तेल काढायला वाफ की कार्बन डायऑक्साइड?

रंकाळाकाठ: गोकुळ शिरगावातनं भट्टी बनवून घेतली, पहिलं आधण काढलं. 10 किलो चंदनाची भुकटी, 18 तास वाफ, हाताला लागलं जेमतेम 140 ग्रॅम. वासही उथळ. लाकडासाठी वाफेचा नाद सोडावा, कार्बन डायऑक्साइडचं मशिनच घ्यावं, असं माझं मत झालंय. 31 अंशांच्या वर आणि 74 बार दाबापुढं तो धड गॅस नसतो, धड द्रव नसतो. भुकटीत शिरून तेल ओढतो, दाब सोडला की उडून जातो. काही तासांत काम फत्ते.

गुऱ्हाळकरी: भावा, 18 तासांत बंद केलंस आणि दोष वाफेला? चंदनाला खरा वास देणारं सँटॅलॉल एकटं उकळायला 300 अंश लागतात. वाफेसंगं ते शंभराच्या आत येतं, पण मुंगीच्या पावलानं. आधी तेलातली हलकी द्रव्यं, सँटॅलीनं, पळत येतात, खरा वास मागनं. 48 ते 72 तास द्यायलाच लागतात. आधण अर्ध्यात उतरवलंस तर काकवीच मिळणार की! आणि भुकटी मैद्यासारखी दळलीस काय? मग वाफ एकीकडनंच वाट काढते.

रंकाळाकाठ: दळली होती. पण तुला चिपाडं फुकट, मला डिझेल. 72 तास कुणाच्या जिवावर?

प्रयोगवही: उतरलेलं दुधाळ पाणी काय केलंत? चंदनतेल पाण्यापेक्षा अगदी थोडंसंच हलकं, त्यामुळं नीट वेगळं होत नाही, पाण्यातच अडकतं. ते पाणी परत भट्टीत घालायचं असतं.

रंकाळाकाठ: गटारीत ओतलं, ताई. दिवसभर गल्ली घमघमत होती.

नवखा: तेल विरघळवून काढायला हेक्झेन (पेट्रोलसारखा द्रव) स्वस्त पडेल ना?

प्रयोगवही: ते राळ, रंग सगळंच ओढतं. मग अल्कोहोलनं धुवा, तरी अंश मागं राहायची धास्ती. शिवाय भडकन पेटतं. घरामागच्या शेडात नको बाबा. त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड बरा, मीही त्याच बाजूची.

गुऱ्हाळकरी: बाजू घ्या की, पैसे कोण घालणार? चंदनाला 74 पुरत नाही, शे-दोनशेच्या पुढचा दाब झेलणारं भांडं लागतं. 10 किलोसाठी? आणि लाकूड कसलं होतं रे, सगळं पिवळसर?

रंकाळाकाठ: कडेचं पांढरंही होतं थोडं.

गुऱ्हाळकरी: मग घाल कुठल्याबी मशिनात. तेल गाभ्यात असतंय.

रंकाळाकाठ: बरं. शनिवारी नुसता गाभा लावतो, जाडसर भरडून, तीन दिवस. डिझेलचा हिशेब मात्र इथंच टाकणार. तो बघून बोल मग.