विलोमपदांच्या स्पर्धेतील ऱ्हस्व-दीर्घाचा तंटा

(नेरुळ येथील सोसायटीचा ग्रुप)

अ-५०२, सांस्कृतिक समिती: नमस्कार. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी मुलांकडून विलोमपदे, म्हणजे उलटसुलट सारखीच वाचली जाणारी पदे, मागवली होती. मामा, काका, दादा, बाबा यांचा पूर आल्यामुळे किमान तीन अक्षरांची अट घालावी लागली. आमच्या चिरंजिवांनी उरलेली यादी संगणकावर तपासली असून त्यात 'कडक', 'सरस' आणि 'नयन' टिकले, 'जहाज' आणि 'नवीन' मात्र बाद झाले.

ब-२०३: 'जहाज' बाद होण्याचे कारण कळेल का? माझ्या मुलीने तो शब्द स्वतः शोधला आहे.

क-१०१: मी अनेक वर्षे मुद्रितशोधन केले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. संगणक 'जहाज'मधील काना हे वेगळे चिन्ह म्हणून साठवतो, आणि क्रम उलटा केला की तो काना 'ह'ला सोडून शेवटच्या 'ज'ला जाऊन चिकटतो, त्यामुळे 'जाहज' तयार होते. 'नवीन'चे त्याच न्यायाने 'नीवन' होते. 'कडक'मध्ये काना-वेलांटीच नाही, म्हणून तो सुटला. आपण मात्र वाचताना काना, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह पूर्ण अक्षर एकक धरतो. त्या हिशेबाने ज-हा-ज निर्दोष आहे आणि म-ध्य-म सुद्धा.

ड-४०१: मग 'चिमा काय कामाची' चालेल ना? आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

क-१०१: कानाला चालेल, कागदावर चालणार नाही, कारण आरंभी ऱ्हस्व 'चि' आहे आणि शेवटी दीर्घ 'ची'. 'तो कवी डालडा विकतो' यातही 'वी' आणि 'वि' जुळत नाहीत, आणि 'भाऊ तळ्यात ऊभा' जुळवण्यासाठी तर 'उभा' चुकीचा लिहावा लागतो. याउलट 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती' आणि 'हाच तो चहा' यांत बोट ठेवायला जागा नाही. स्पर्धा लेखी आहे, तेव्हा निकष लेखनाचाच असावा, असे माझे मत आहे.

ब-२०३: मुलीने आत्ताच आणखी एक गोष्ट दाखवली. 'तो येतो' उलटे वाचले तरी 'तो येतो'च राहते. तो जातो, तो खातो, तो देतो, तो नेतो, सगळेच तसे!

क-१०१: वा! हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. धातू एकाक्षरी असला की 'तो' आणि प्रत्ययातला 'तो' दोन्ही टोकांना येतात आणि व्याकरणच विलोमपद घडवते. नपुंसकलिंगातही 'ते येते' जुळते. स्त्रीलिंगात मात्र 'ती येते' होते आणि गाडी अडते.

ब-२०३: ती म्हणते, मुलींवर हा अन्याय आहे.

ड-४०१: आमच्या कोल्हापूरकडे 'ती येती' असेच म्हणतात. माझ्या सासूबाई रोज 'बाई कधी येती गं?' असे विचारतात.

अ-५०२, सांस्कृतिक समिती: 'जहाज' आणि 'नवीन' परत घेतले आहेत. 'ती येती'ही सासूबाईंच्या साक्षीवर स्वीकारली आहे. चिमेला मात्र या वर्षी प्रवेश नाही.