निसर्ग मंडळाच्या भटकंत्या आणि व्याख्यानं : तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं?

पावशा :
नमस्कार मंडळी, आपल्या मंडळाचा यंदाचा हंगाम संपला. महिन्यातून एक रविवार भटकंती, एक शनिवार शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान, जून ते मे. फोटो ग्रुपवर ढिगाने पडले पण फोटोत आवाज येत नाही, वास येत नाही, शेजारचा माणूस काय पुटपुटला तेही येत नाही, म्हणून हा धागा. एकच गोष्ट लिहिलीत तरी चालेल, बिबट्याच दिसायला हवा असं काही नाही. फक्त घरटी आणि घुबडांच्या ढोल्या यांची नेमकी जागा इथे लिहू नका.

मीच सुरुवात करते. माझी सगळ्यात आवडती भटकंती जंगलात झालीच नाही, ती झाली जांभळी नाक्याच्या बाजारात. जून महिना, पाऊस नुकता लागलेला, पाड्यावरून आलेल्या मावश्या शेवळांच्या, म्हणजे पावसाळी रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसलेल्या. मी ठाण्यातच वाढले, आई दरवर्षी शेवळं करायची, पण हातात घेऊन नीट कधी बघितलीच नव्हती. मावशींनी वरचं जांभळट तपकिरी आवरण उलगडलं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग नखाने काढून टाकला आणि म्हणाल्या, "हा ठेवलास तर घसा धरंल बाय, आणि काकडं घातल्याबिगर करू नको." आपल्यासोबतच्या वनस्पतीवाल्या सरांनी सांगितलं की हे सुरणाचंच भावंड, यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात, म्हणून जोडीला काकडाचं आंबट फळ लागतं. सरांचं सांगून झाल्यावर मावशी नुसत्या हसल्या. त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, स्फटिक हा शब्द तेवढा नवीन.

खाडीकाठचा :
मी ऐरोलीत अकरा वर्षं राहतो आणि रोज पुलावरून खाडी ओलांडून ऑफिसला जातो. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली हे मला व्याख्यानात कळलं, म्हणजे बघा. फेब्रुवारीत मंडळासोबत बोटीतून गेलो. बोटीची वेळ भरती-ओहोटी ठरवते, आपला रविवार नाही, त्यामुळे पहाटे उठावं लागलं. मध्ये गेल्यावर बोटवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि मग आवाज आला, हंसांसारखा घोगरा गलका, शेकडो पक्षी एकदम. तोवर मला वाटायचं फ्लेमिंगो गप्प असतात, कारण मी त्यांना कायम गाडीच्या काचेतून बघितलेलं. मान खाली, चोच उलटी, आणि चिखलातून चालत चालत पाणी गाळत खातात. जास्त गुलाबी आणि काळपट लाल चोचीचा तो छोटा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), उंच आणि फिकट तो मोठा. मध्ये मध्ये राखाडी दिसत होते ती पिल्लं, रंग शेवाळातल्या द्रव्यातून हळूहळू चढतो.

पण खरं सांगू का, मला घरी येऊनही आठवत राहिला तो निवट्या. परत आल्यावर काठाच्या चिखलात बोटभर मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेटा देत पाण्याबाहेर चालतोय, दुसरा आला की पाठीवरचा पंख ताडकन उभा. पाऊण तास मी तिथे उभा होतो. सोबतच्या ताईंनी तिवराचं, म्हणजे खारफुटीच्या झाडाचं, पान उलटं करून जिभेला लावायला सांगितलं, खारट! झाड जादाचं मीठ पानातून बाहेर टाकतं. मुलाला आता प्रत्येक झाडाचं पान चाटायचं असतं, त्याला आवरतोय.

धामण :
माझा अनुभव व्याख्यानाचा आहे. सापांवरचं जुलैतलं व्याख्यान ऐकलं, नाग मण्यार घोणस फुरसं हे चार नीट ओळखायला शिकवलं, बरोबर सतरा दिवसांनी आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये साप निघाला. वॉचमन काठी घेऊन आला, चार जण मारा मारा करत होते. मी दारातून, लांबूनच, टॉर्च मारला. ओठांवर काळ्या उभ्या रेघा, मोठा गोल डोळा, सडपातळ मान. धामण. माझा आवाज थरथरत होता पण मी दारात आडवा उभा राहिलो आणि सर्पमित्राला फोन लावला, त्याला यायला चाळीस मिनिटं लागली, ती चाळीस मिनिटं मी लोकांना समजावत होतो की ही बिनविषारी आहे, उंदीर खाते, आणि आपल्या मीटर रूममध्ये उंदीर आहेत म्हणूनच आली. त्याने येऊन धामणच असल्याचं सांगितलं आणि पिशवीत घातली. व्याख्यान ऐकलं नसतं तर मीही त्या चौघांत असतो.

घोडबंदरकर :
ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू बागेत मुलीला घेऊन गेलो होतो, ऑक्टोबर. ओल्या मातीवर फुलपाखरं बसून क्षार शोषतात ते तिने स्वतः शोधलं, कोणी दाखवलं नाही. नीलवंत दिसलं, आपलं राज्य फुलपाखरू. एवढंच, पण तो दिवस छान गेला.

रानवाट :
थोडं कडू लिहितो, माफ करा. येऊरच्या जंगलातल्या जूनच्या भटकंतीत नवरंग पक्षी ओरडत होता, ती दोन सुरांची शीळ, सगळे श्वास रोखून उभे, आणि एका कॅमेरावाल्याने मोबाइलवर नवरंगाचाच आवाज लावला. पक्षी लगेच समोर आला, फोटो सगळ्यांना मिळाले, माझ्याकडेही आहे. मला तो फोटो बघवत नाही. नवरंग पावसाच्या तोंडावर इथे पिल्लं वाढवायला येतो, त्याला वाटलं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, म्हणून तो घरटं सोडून भांडायला आला. त्या वेळी बोलायला हवं होतं, मी बोललो नाही.

पावशा :
@रानवाट तुमचं बरोबर आहे आणि चूक माझीही, मी पुढे होते, मला उशिरा कळलं. पुढच्या हंगामापासून निघायच्या आधीच सांगणार, रेकॉर्डिंग लावायचं नाही, लावलं तर तिथूनच परत.

पतंगप्रेमी :
पांढरी चादर, एक दिवा, ऑगस्टची रात्र, येऊरच्या पायथ्याशी एका सभासदाच्या अंगणात. दहापर्यंत बारीकसारीक पतंग येत होते, मग अ‍ॅटलास आला. माझ्या दोन्ही पंज्यांएवढा. पंखांची टोकं सापाच्या तोंडासारखी, आणि मधे काचेसारखे पारदर्शक त्रिकोण, त्यातून चादरीची वीण दिसत होती. याला खाणारं तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्यावर थोडे दिवस जगतो. हे कळल्यावर दिवा लवकर बंद करा असं आम्हीच म्हणालो, त्याचे दिवस आमच्या चादरीवर का जावेत.

नौपाड्याची लेक :
आईच्या वतीने लिहिते, वय ७८, दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतं. जानेवारीतल्या "आवाजावरून पक्षी" या व्याख्यानाला तिला नेलं, भटकंतीला नेणं शक्य नव्हतं. तिथे तांबटाचा टुक टुक टुक ऐकवला आणि आई मोठ्यांदा म्हणाली, "हा तर आपल्या खिडकीतला!" इतकी वर्षं तिला वाटायचं कुठेतरी भांड्यांवर ठोकतायत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी खुर्ची गॅलरीत. तिनेच आवाजावरून फांदी सांगितली, मी दुर्बिणीने बघितलं तर गुलमोहराच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक आणि त्यातून लाल कपाळ, पिवळा गळा. नर-मादी आळीपाळीने आत जायचे, मी तिला सांगायचे आत्ता एक आत गेला, आत्ता दुसरा.

मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी करायला माणसं आली, वाळकी फांदी पहिली जाणार होती. आई लिफ्टने एकटी खाली गेली, मला सांगितलंही नाही. झाडाला हात लावून उभी राहिली आणि त्या लोकांना म्हणाली, आत बाळं आहेत, पंधरा दिवस थांबा. ते थांबले. पिल्लं उडाली असावीत, कारण भोकातून आता कोणी डोकावत नाही. फांदी अजून आहे.