पटवारी असलेल्या आजोबांवर स्मृतिपुस्तिका लिहायची आहे

प्रश्न (देवळी तालुका, जि. वर्धा)

माझे आजोबा गेल्या महिन्यात वयाच्या ९७ व्या वर्षी वारले. ते मूळचे सिंधमधील शिकारपूरचे. फाळणीनंतर, १९४८ साली, ते कराचीहून बोटीने मुंबईला उतरले, काही महिने कल्याणच्या निर्वासित छावणीत राहिले आणि मग वर्ध्याच्या एका नातलगाच्या कापडदुकानात आले. १९५३ मध्ये ते पटवारी झाले आणि १९८६ मध्ये महसूल खात्यातूनच निवृत्त झाले. पहिल्या वरसीला सोळा पानांची पुस्तिका काढण्याचे ठरले आहे; परंतु काकांच्या मसुद्यात ‘कर्तव्यदक्ष’, ‘निःस्पृह’ अशी विशेषणेच तेवढी आहेत, आजोबा कुठे दिसत नाहीत. त्यांच्या पेटीत एक वही सापडली आहे. ती अरबी वळणाच्या सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली असून बाबांपासून आम्ही सारे मराठी शाळेत शिकल्यामुळे घरात ती कोणालाच वाचता येत नाही. ती कोण वाचू शकेल, आणि नोकरीचा तपशील कोठे मिळेल?

उत्तर १ (निवृत्त मंडळ अधिकारी)

सेवापुस्तक शेवटच्या कार्यालयात मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास निवृत्तिवेतनाचा आदेश घरात शोधा, कारण विदर्भातील राज्य कर्मचाऱ्यांची ती प्रकरणे नागपूरच्या महालेखाकार कार्यालयाकडूनच मंजूर होतात. आपले आजोबा मध्य प्रदेशाचे नोकर म्हणून लागले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्याचे झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे. म्हणजे दप्तर त्याच चावडीत आणि राज्ये तीन. शिवाय ते लागले तेव्हा मालगुजारी (जमीनदारामार्फत सारा वसूल करण्याची पद्धत) जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, त्यामुळे कोणते शेत कोणाच्या नावावर चढवायचे हा त्या काळच्या पटवाऱ्यापुढचा रोजचा पेच होता. भूदानात मिळालेल्या जमिनींच्या नोंदीही त्याच दप्तरात येत. पुस्तिकेत हे काम लिहा. विशेषणे आपोआप गळतील.

उत्तर २ (नागपूर)

उर्दू जाणणाऱ्याला ही वही अर्धवटच कळेल, कारण सिंधीत ५२ अक्षरे आहेत आणि त्यांतील कित्येक उर्दूत नाहीत. इथल्या जरीपटका या सिंधी वस्तीत सिंधमध्येच शाळा शिकलेली वडीलधारी माणसे अजून आहेत. त्यांच्यापुढे वही ठेवा आणि ते वाचत असताना आवाज ध्वनिमुद्रित करून घ्या. लवकर जा, ही पिढी आता नव्वदीच्या घरात आहे.

उत्तर ३ (त्याच गावचा)

पटवारी बाबूंना मी लहानपणी पाहिले आहे. आमच्या वडिलांनी धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवून शेजाऱ्याच्या शेतातले दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आपल्याकडे घेतले होते. बाबू भर पावसात, धोतर गुडघ्यावर खोचून, कोतवालाला मोजणीची साखळी धरायला लावून आले आणि धुरा जुन्या जागी नेऊन ठेवला. वडील पुढे कित्येक वर्षे त्यांच्याशी बोलले नाहीत, “बाहेरचा माणूस आम्हाले शेत दाखवते” असे म्हणत. हेही छापणार असाल तर माझी हरकत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार, धुऱ्याची हकिकत जशीच्या तशी घेत आहे. काल जरीपटक्याला जाऊन आलो. ज्यांनी वही वाचली, त्या आजी पहिल्याच पानावर हसू लागल्या. आम्हाला वाटले होते की तीत शिकारपूरच्या आठवणी असतील. प्रत्यक्षात ती शब्दांची यादी निघाली: पऱ्हाटी, डवरणी, वाफसा, धुरा असे शेतीचे शब्द मराठी उच्चाराबरहुकूम सिंधी लिपीत आणि प्रत्येकापुढे सिंधी अर्थ. चावडीत कानावर पडलेला शब्द आजोबा बहुधा रात्री घरी येऊन टिपत असावेत. ‘उलंगवाडी’पुढे मात्र त्यांना एका शब्दात अर्थ सापडलेला दिसत नाही. तेथे चार ओळी आहेत: कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात गुरे सोडतात, राखण उठते, आणि मग कोणाच्याही शेतातून कोणीही चालत जाऊ शकतो.