केजीच्या शेवटी परीक्षा कशाला?
वर कुणीतरी म्हटलंय की केजी संपताना पोरांची तोंडी परीक्षा घ्या म्हणजे पहिलीत त्रास नको, मला नाही पटत. बहीण लंडनला असते, तिच्या मुलाचं रिसेप्शनच्या, म्हणजे तिथल्या पहिलीआधीच्या वर्गाच्या, शेवटी प्रोफाइल (प्रगतीचा अहवाल) आलं, पण पेपरबिपर काही नाही, बाई वर्षभर बघतात आणि 17 गोष्टींत 'जमतं' की 'अजून जमायचंय' एवढंच लिहितात. आपल्या 2022च्या पायाभूत टप्प्याच्या (लहान मुलांच्या शिक्षणाच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही निरीक्षणावरच भर आहे की. माझी लेक म्हापशाच्या बाजारात वाट्यातले बांगडे बरोब्बर मोजते, एक कमी असला तर नुस्तेकान्नीशी (मासेवालीशी) भांडते पण, आणि वर्गात बाईंनी विचारलं की गप्प, बोट तोंडात. वहीत काय आलं? 'मॅथ्स वीक'. 😀