प्रति: नायजेरियाची जनगणना
'प्रगणक नीट शिकवले की नायजेरियातला घोळ संपेल' हे काही पटत नाही. तिथे केंद्राच्या पैशाचा वाटा आणि संसदेतल्या जागा डोक्यांवर ठरतात, मग आकडा फुगवायचा मोह राज्यांना होणारच. 2006 ला भांडण नको म्हणून धर्म आणि जमात हे प्रश्नच वगळले होते. तरी निकालात उत्तरेतलं कानो राज्य 94 लाख आणि दक्षिणेतलं लागोस राज्य 90 लाख! लागोस सरकारने स्वतःची समांतर मोजणी दाखवली, 1 कोटी 75 लाख. म्हणजे जवळपास दुप्पट. (अर्थात तीही हात राखून केली नसणार.) त्यात 1991 मध्ये कानोतून जिगावा हे राज्य वेगळं काढलेलं, तरी उरलेलं कानो पहिलंच. दक्षिणेतल्या माणसाने यावर विश्वास ठेवायचा कसा?