हॅरो वेगळ्या वाटेनं गेलं
मे २०२२ च्या कौन्सिल (आपल्याकडच्या महापालिकेसारखी स्थानिक संस्था) निवडणुकांत लंडनमध्ये हुजूर पक्षाचा धुव्वा उडाला, असं कुणीतरी लिहिलंय. वेस्टमिन्स्टर आणि १९७८ पासून त्यांच्याकडे असलेलं वँड्सवर्थ, ही दोन्ही कौन्सिलं मजूर पक्षानं घेतली, हे खरंच. पण त्याच दिवशी लंडनमधल्याच हॅरो कौन्सिलमध्ये उलटं घडलं, आणि ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं. ५५ पैकी ३१ जागा हुजूर पक्षाला, २४ मजूर पक्षाला. २०१८ मध्ये सभागृह ६३ जणांचं होतं आणि मजूर पक्ष ३५ वर होता. त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, मधल्या काळात प्रभागांची फेररचना झाली होती.

दुसरं, तिथे एका प्रभागातून दोन किंवा तीन नगरसेवक निवडतात आणि मतदाराला तेवढीच मतं असतात. आपल्या पुण्यासारखी अ, ब, क, ड अशी वेगळी जागा नसते. सगळे उमेदवार एकाच यादीत, जास्त मतं मिळालेले निवडून येतात. म्हणून थोडीशी आघाडीही प्रभागातल्या सगळ्या जागा देऊन जाते.

आणि तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून, कायदेशीर वास्तव्य असेल तर, भारतीय पासपोर्टवरही तिथे मतदान करता येतं. किती जण नाव नोंदवतच नाहीत! कचरा, रस्ते, वृद्धांची देखभाल हे सगळं याच कौन्सिलच्या हातात असतं. नाव नोंदवा.