फर्स्ट इयरच्या रिसर्च सेमिनारला विषय सुचवा, सोमवारी द्यायचा आहे

नवी_मॅडम: यंदा फर्स्ट इयरचा छोटा रिसर्च सेमिनार माझ्याकडे आलाय. मागच्या वेळी मुलांनी नेटवरून उतरवून आणलं, एकेकाने वाचून दाखवलं, बाकीचे घड्याळ बघत बसले. कुणालाच प्रश्न पडला नाही, हे मला फार लागलं. तसं पुन्हा नको. पटकन सुचवा.

बर्डीकर: मॅडम, शिकवता काय? मुलं किती?

नवी_मॅडम: केमिस्ट्री. १२ मुलं.

काचपात्र: मग आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर न्या. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला लावा, विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून टायट्रेशनने (थेंबथेंब घालून मोजायचं). एकाच जागेचं पाणी सकाळी ७ ला आणि दुपारी १ ला. आमच्या बॅचला दुपारचा आकडा जास्त आला, तर एक मुलगी म्हणाली, "सर, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो ना?" तिथून शेवाळ, ऊन, प्रकाशसंश्लेषण असं तीन आठवडे चाललं.

वाचनवेडा: आधी रिसर्च पेपर वाचायला शिकवा. एकच पेपर, सहा आठवडे. हार्वर्डला १९५९ पासून पहिल्या वर्षाचे असे सेमिनार आहेत, मूठभर मुलं आणि एक प्राध्यापक. खरी गोष्ट चर्चेची आहे, बाटल्यांची नाही.

काचपात्र: नाही पटत. बारावीपर्यंत गाइड वाचलेल्यांच्या हाती इंग्रजी पेपर दिला की पुन्हा उतरवणंच होणार. स्वतःचा आकडा हाती आला की पेपर आपणहून शोधतात.

संत्रानगरी: फुटाळा काऊन, अंबाझरी घ्या ना. २३ सप्टेंबर २०२३ ला तलाव ओसंडला तेव्हा आमच्या घरात फ्रिज तरंगून राहिला होता. भिंतीची ओल अजून गेली नाही.

बर्डीकर: दादा, त्याला वेगळा धागा काढा.

नेट_झालो: पीएच.डी. करायची असेल तर नेट परीक्षेचा फॉर्म आत्ताच भरा, मॅडम. मी उशीर केला.

नवी_मॅडम: माझी पीएच.डी. झाली आहे, मुलांसाठी विचारतेय. फुटाळ्याचं आवडलं, पण लॅब २ ते ४ च मिळते.

काचपात्र: हे आधी सांगायचं ना! तरी जमेल. काठावरच मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घाला. तपकिरी साका खाली बसला की ऑक्सिजन पकडला गेला. बाटल्या अंधारात ठेवा, ॲसिड आणि थायोसल्फेटचं टायट्रेशन लॅबमध्ये. बाटली काठोकाठ भरा. झाकणाखाली बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरा.

नवी_मॅडम: बीओडीच्या बाटल्या (ऑक्सिजन मोजायच्या, घट्ट झाकणाच्या) चारच आहेत.

काचपात्र: दोन सकाळी, दोन दुपारी. तिघातिघांचे चार गट.